‘पॅकेज सापडत नाही’

आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाचे जुने वार्षिक अहवाल गेल्या वर्षी स्कॅन करून घेतले, तेव्हा काम संपले असे आम्हा सर्वांना वाटले होते. प्रत्यक्षात हाती आल्या त्या पानांच्या छायाचित्रांनी भरलेल्या पीडीएफ फायली. त्या डोळ्यांनी वाचता येत होत्या, पण त्यांत शोधता काहीच येत नव्हते. एखाद्या देणगीदाराच्या नातवाने ‘आमच्या आजोबांचे नाव कोणत्या वर्षीच्या अहवालात आहे?’ असे विचारले, की ग्रंथपालकाका आणि मी पुन्हा एकेक पान उलटत बसत असू, फक्त आता कागदाऐवजी पडद्यावर. छापील अक्षरे ओळखून त्यांचा मजकूर करून देणारा, म्हणजे ओसीआर करणारा, एखादा प्रोग्राम वाचनालयाच्या संगणकावर बसवावा असे ठरले. ते काम माझ्याकडे आले, कारण त्या जुन्या, 4 जीबी रॅमच्या संगणकावर डेबियन 12 ही लिनक्स प्रणाली मीच घातली होती.

पुढील मजकुरात कमांड आणि पॅकेजांची, म्हणजे बसवण्यासाठी तयार बांधून ठेवलेल्या प्रोग्रामांची, नावे मी देवनागरीत लिहीत आहे. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड लिहून देण्याच्या खिडकीत, ती अर्थातच रोमन लिपीतील लहान अक्षरांत टाइप करायची आहेत. मोठे अक्षर लागते तेथे तसे सांगितले आहे.

देवनागरी ओळखणारा आणि फुकट मिळणारा प्रोग्राम म्हणून टेसरॅक्टचे नाव मला ठाऊक होते. ह्युलेट-पॅकार्ड कंपनीच्या ब्रिस्टल येथील प्रयोगशाळेत 1985 पासून सुमारे दहा वर्षे तो विकसित होत होता, 2005 मध्ये त्याचा स्रोत खुला झाला आणि पुढे गूगलच्या पाठबळाने तो वाढला. इतका जुना आणि प्रसिद्ध प्रोग्राम डेबियनच्या भांडारात, म्हणजे पॅकेजांच्या अधिकृत संग्रहात, असणारच, या खात्रीने मी ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल टेसरॅक्ट’ असे टाइप केले. उत्तर आले: टेसरॅक्ट नावाचे पॅकेज सापडत नाही.

या संदेशाचा अर्थ नवखा माणूस हमखास चुकीचा लावतो, आणि मीही काही वर्षांपूर्वी लावत असे. ‘सापडत नाही’ म्हणजे ‘नाही’ असे समजून आपण ब्राउझर उघडतो, शोधयंत्रात प्रोग्रामचे नाव घालतो आणि पहिल्या दुव्यावरून काहीतरी उतरवून घेतो. वास्तविक ॲप्टने, म्हणजे पॅकेजे शोधून बसवणाऱ्या डेबियनच्या साधनाने, फक्त एवढेच सांगितलेले असते, की नेमक्या या स्पेलिंगचे पॅकेज त्याच्या यादीत नाही. डेबियन 12 प्रकाशित झाले तेव्हा त्यात 64,419 पॅकेजे होती. इतक्या मोठ्या भांडारात नावे ठेवण्याची स्वतःची एक रीत तयार झालेली असते आणि ती प्रोग्रामच्या प्रसिद्ध नावाशी जुळेलच असे नाही. वाचनालयात ‘ते निळ्या मुखपृष्ठाचे पुस्तक’ मागणाऱ्या वाचकाला पुस्तक नाही असे सांगून चालत नाही, दाखलनोंदीत ते कोणत्या नावाने चढले आहे हे आधी पाहावे लागते. तसेच हे.

‘ॲप्ट सर्च टेसरॅक्ट’ ही कमांड दिली तेव्हा उलगडा झाला. ही कमांड पॅकेजांची नावे आणि त्यांची वर्णने, दोन्हींत शोधते. डेबियनमध्ये मूळ प्रोग्रामचे नाव टेसरॅक्ट-ओसीआर असे आहे. मात्र त्या एका ओळीसाठी मला पडद्यावर वाहत जाणारी शंभराहून अधिक नावे पाहावी लागली, कारण प्रत्येक भाषेची अक्षरओळख वेगळ्या पॅकेजात बांधलेली आहे. मूळ पॅकेजाबरोबर इंग्रजी आपोआप येते, मराठी येत नाही. मराठीसाठी टेसरॅक्ट-ओसीआर-मार हे पॅकेज वेगळे मागावे लागते. ‘मार’ म्हणजे एम, ए, आर ही भाषांच्या आंतरराष्ट्रीय संकेतसूचीतील मराठीची तीन अक्षरे. याच गोष्टीला फेडोरा या दुसऱ्या लिनक्स प्रणालीत टेसरॅक्ट-लँगपॅक-मार म्हणतात आणि आर्च या तिसरीत टेसरॅक्ट-डेटा-मार. त्या दोन्ही प्रणालींत मूळ प्रोग्रामचे पॅकेज नुसत्या ‘टेसरॅक्ट’ या नावाने आहे, त्यामुळे तिकडच्या माणसाने लिहिलेली सूचना इकडे जशीच्या तशी वापरली की माझ्यासारखी फसगत होते.

मराठी या एका भाषेला या भांडारात किती नावे आहेत हे मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिले. टेसरॅक्टला तीन अक्षरी संकेत लागतो. लिबरऑफिस या कार्यालयीन प्रोग्रामसंचाच्या मराठी भाषांतराचे पॅकेज लिबरऑफिस-एल10एन-एमआर आहे, म्हणजे तेथे दोनच अक्षरे. पूर्ण डेस्कटॉप मराठी करण्यासाठी टास्क-मराठी-डेस्कटॉप नावाचे पॅकेज आहे, त्यात भाषेचे नाव पूर्ण लिहिलेले आहे. फॉन्टच्या दुनियेत मात्र भाषेला नव्हे तर लिपीला मान, म्हणून तेथे डी, ई, व्ही, ए ही देवनागरीची चार अक्षरे शोधावी लागतात: फॉन्ट्स-देवा, फॉन्ट्स-लोहित-देवा वगैरे. लोहितचे एक पॅकेज तर फॉन्ट्स-लोहित-देवा-मराठी असे आहे, ज्यात लिपी आणि भाषा दोन्ही आली. आपल्याकडे ‘ल’ आणि ‘श’ यांची वळणे हिंदीतील प्रचलित वळणांहून वेगळी काढतात, त्यामुळे हा वेगळेपणा मला अनाठायी वाटत नाही. टंकलेखनाचे पॅकेज तर आयबस-एम17एन या नावाखाली दडलेले आहे. ‘मल्टिलिंग्वलायझेशन’ या इंग्रजी शब्दाच्या पहिल्या आणि शेवटच्या अक्षरांमध्ये सतरा अक्षरे आहेत म्हणून एम17एन. ‘मराठी कीबोर्ड’ शोधणाऱ्याला हे नाव सुचण्याची शक्यता शून्य, आणि ज्याला सुचते त्याला ते आधीच माहीत असते.

म्हणून माझी आता सवय अशी आहे, की प्रोग्रामचे नाव ठाऊक असले तरी शोध कामाच्या शब्दावर घ्यायचा, तोही एकाहून अधिक शब्दांनी: मराठी, देवनागरी, इंडिक, ओसीआर. वर्णने इंग्रजीत असतात, त्यामुळे शब्द इंग्रजी हवेत. उत्तरे फार आली तर ‘नेम्स-ओन्ली’ हा पर्याय देऊन शोध केवळ नावांपुरता आटोपता येतो. अशा शोधातच मला जीइमेजरीडर भेटला. टेसरॅक्टला खिडक्या आणि बटणे देणारा हा प्रोग्राम आहे, आणि टर्मिनलला हातही न लावणाऱ्या ग्रंथपालकाकांसाठी तो फार सोयीचा ठरला. त्याच्या नावावरून मला तो कधीच सापडला नसता. वर्णनात टेसरॅक्टचा उल्लेख होता, म्हणून सापडला.

पुढची अडचण वेगळ्या जातीची होती. टेसरॅक्ट चित्रे वाचतो, पीडीएफ थेट वाचत नाही. पीडीएफची पाने चित्रांत बदलण्यासाठी ‘पीडीएफटूपीपीएम’ ही कमांड वापरावी असे एका सूचनापत्रात होते. आमच्या संगणकाने ‘अशी कमांड नाही’ असे सांगितले, आणि त्या नावाने पॅकेज शोधले तर तेही नाही. येथे कमांडचे नाव माहीत आहे, पॅकेजचे नाही. अशा वेळी ॲप्ट-फाइल या छोट्या प्रोग्रामइतके उपयोगी दुसरे काही नाही, आणि तो मुळात बसवलेला नसतो हे माझ्या मते डेबियनच्या मांडणीतले मोठे न्यून आहे. तो बसवावा, ‘ॲप्ट-फाइल अपडेट’ देऊन त्याची सूची एकदा उतरवून घ्यावी, आणि मग ‘ॲप्ट-फाइल सर्च बिन/पीडीएफटूपीपीएम’ असे विचारावे. भांडारातील प्रत्येक पॅकेजात कोणकोणत्या फायली आहेत याची ती सूची असल्यामुळे, आपल्या संगणकावर नसलेल्या फाइलचाही पत्ता तो सांगतो. उत्तर मिळाले: पॉपलर-युटिल्स. त्याच पॅकेजात पीडीएफमधील मजकूर काढणारी आणि आतली मूळ चित्रे जशीच्या तशी बाहेर काढणारी अशा आणखी कमांडही होत्या.

हाच प्रश्न उलट्या बाजूनेही येतो. संगणकावर एखादी फाइल आधीपासून आहे आणि ती कोणत्या पॅकेजाबरोबर आली हे जाणून घ्यायचे असेल, तर ‘डीपीकेजी -एस’ (येथे एस मोठा) या कमांडला त्या फाइलचा पत्ता द्यावा. दुसऱ्या संगणकावर चालणारी गोष्ट या संगणकावर का नाही, हे शोधताना मी आधी चालत्या संगणकावर जाऊन हेच विचारते. इकडे चालणारी ‘डिग’ कमांड बाइंड9-डीएनएसयुटिल्समधून आली आहे, ‘किलऑल’ पीएसमिस्कमधून आली आहे आणि जुन्या माणसांच्या बोटांत बसलेली ‘आयएफकॉन्फिग’ नेट-टूल्समधून, हे तेथे एका ओळीत कळते. यातले एकही नाव अंदाजाने काढता येण्यासारखे नाही.

नावे अशी का, यामागे कधी कधी मजेदार इतिहास असतो. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी 2005 मध्ये प्रोग्राममधील बदलांची नोंद ठेवणारे गिट लिहिले, तेव्हा डेबियनमध्ये ‘गिट’ हे नाव आधीच दुसऱ्याने घेतलेले होते: जीएनयू इंटरॅक्टिव्ह टूल्स नावाचा एक फाइल पाहण्याचा प्रोग्राम. त्यामुळे आज जगभर वापरले जाणारे गिट अनेक वर्षे डेबियनमध्ये गिट-कोअर या नावाने राहत होते. पुढे जुन्या प्रोग्रामने नाव बदलले आणि घर रिकामे झाले. क्रोमियम या ब्राउझरचेही तसेच. ब्राउझर यायच्या आधी त्या नावाचा अंतराळात गोळ्या झाडण्याचा एक खेळ होता, आणि ब्राउझर हवा असणाऱ्या कित्येकांनी तो खेळ बसवून घेतला. आता खेळाचे नाव क्रोमियम-बीएसयू आहे आणि डेबियनमध्ये क्रोमियम म्हणजे ब्राउझर. डेबियनवर आधारलेल्या उबुंटूमध्ये मात्र त्याचे नाव क्रोमियम-ब्राउझर आहे, आणि तेथे ते पॅकेज नुसती पाटी असून प्रत्यक्ष ब्राउझर स्नॅप या वेगळ्या व्यवस्थेतून येतो.

नोडचा किस्सा याहून ताणलेला होता. जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोड.जेएसला ‘नोड’ ही कमांड हवी होती, पण हौशी रेडिओ चालकांचा त्याच नावाचा एक प्रोग्राम तेथे आधीपासून होता. वाद डेबियनच्या तांत्रिक समितीपर्यंत गेला आणि 2012 मध्ये निर्णय झाला. रेडिओचा प्रोग्राम एएक्स25-नोड झाला आणि नव्याला कमांडसाठी ‘नोडजेएस’ हे नाव घ्यावे लागले. त्यानंतरची काही वर्षे जगातील प्रत्येक धड्यात ‘नोड’ लिहिलेले असे आणि डेबियनच्या संगणकावर ते चालत नसे. आजही ‘बॅट’ नावाचा फाइल दाखवणारा प्रोग्राम डेबियनमध्ये बसवला तर कमांड ‘बॅटकॅट’ अशी द्यावी लागते, आणि ‘एफडी’ हवा असेल तर पॅकेज एफडी-फाइंड आणि कमांड ‘एफडीफाइंड’. पॅकेज बसले आणि तरी कमांड सापडत नसेल तर ‘डीपीकेजी -एल’ला पॅकेजचे नाव द्यावे. ही कमांड लहान नव्हे तर मोठ्या एलने लिहायची असते. ती त्या पॅकेजने ठेवलेल्या सर्व फायलींची यादी देते आणि कमांडचे खरे नाव त्या यादीत दिसते.

पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेचे प्रकरण वाचनालयाच्या कामात अगदी थोडे आले, पण त्यात एक संध्याकाळ गेली म्हणून सांगते. चित्रे सरळ करून घेण्यासाठी मी एक लहान स्क्रिप्ट वापरणार होते आणि तिला पिलो हा चित्रांवर काम करणारा तयार कोडसंग्रह हवा होता. पिप या पायथनच्या स्वतःच्या साधनाने तो बसवू पाहिला, तर डेबियन 12 ने नकार दिला: हा पायथन बाहेरून, म्हणजे ॲप्टकडून, सांभाळला जातो, यात हात घालू नका. हा नकार त्रासाचा वाटला तरी योग्य आहे, कारण प्रणालीचे स्वतःचे काही प्रोग्राम त्याच पायथनवर चालतात. मग ॲप्टमध्ये ‘पायथन3-पिलो’ शोधले आणि ते मिळाले नाही. कारण डेबियन सहसा पायथनच्या पॅकेजाला बाहेरच्या जगातले नाव देत नाही, स्क्रिप्टमध्ये ‘इम्पोर्ट’ या शब्दापुढे जे लिहितात ते देते. पिलोसाठी तेथे पीआयएल लिहितात, म्हणून पॅकेज पायथन3-पीआयएल. पायवायएएमएलचे पॅकेज पायथन3-वायएएमएल, ब्यूटिफुलसूपचे पायथन3-बीएस4. ही रीत एकदा कळली की दहांपैकी बहुतेक नावे शोधल्याशिवाय लिहिता येतात. जे भांडारात नाहीच त्यासाठी पायथन3-व्हीएनव्ह बसवून स्वतंत्र कप्पा करावा आणि पिप तेथे वापरावा. तेथेही काही वेळा ‘पायथन.एच ही फाइल नाही’ असे सांगून काम थांबते. अशी शीर्षफाइल मागितली गेली, की मूळ पॅकेजच्या नावापुढे ‘-डेव्ह’ (डी, ई, व्ही) लावलेले, म्हणजे येथे पायथन3-डेव्ह, हे पॅकेज लागते. फेडोरामध्ये शेपटी ‘-डेव्हेल’ अशी असते.

नाव सापडले की लगेच बसवू नये, असे मी आता ठामपणे म्हणते. ‘ॲप्ट शो’ ही कमांड त्या पॅकेजची ओळखपत्रिका दाखवते. तिच्यातील वर्णन मी शेवटपर्यंत वाचते, कारण पहिली ओळ अनेकदा मोघम असते. नंतर ते पॅकेज कशावर अवलंबून आहे, कशाची शिफारस करते आणि काय नुसते सुचवते, हे पाहते. अवलंबून असलेली पॅकेजे येणारच. शिफारस केलेलीही 2009 मध्ये आलेल्या डेबियन 5 पासून आपोआप येतात. सुचवलेली येत नाहीत. जुन्या संगणकावर, जेथे डिस्कची जागा मोजून वापरावी लागते, तेथे ‘नो-इन्स्टॉल-रेकमेंड्स’ हा पर्याय कामी येतो. मात्र नंतर एखादी सोय का चालत नाही हे शोधताना आपणच ती नाकारली होती याची आठवण ठेवावी लागते. बसवण्याच्या कमांडला ‘-एस’ (येथे एस लहान) जोडले तर प्रत्यक्षात काहीही न बदलता काय काय होईल ते दिसते. त्यात ‘काढली जाणारी पॅकेजे’ या मथळ्याखाली एक जरी ओळ दिसली, तर हात कीबोर्डवरून उचलून पुन्हा वाचावे.

ओळखपत्रिकेचा उलटा वापरही आहे आणि तो मला उशिरा सुचला. ‘ॲप्ट-कॅश आरडिपेंड्स टेसरॅक्ट-ओसीआर’ असे विचारले की टेसरॅक्टची गरज असलेली पॅकेजे दिसतात, म्हणजे टेसरॅक्टवर दुसऱ्या कोणी काय उभारले आहे ते कळते. त्या यादीत ओसीआरमायपीडीएफ होते. पीडीएफ द्या, तो पाने चित्रांत बदलतो, टेसरॅक्टकडून वाचून घेतो आणि मूळ पानाच्या मागे मजकुराचा अदृश्य थर ठेवून नवी पीडीएफ तयार करतो. मी दोन संध्याकाळी पीडीएफटूपीपीएम, टेसरॅक्ट आणि माझी स्क्रिप्ट यांची जी साखळी जोडत होते, ती संपूर्ण साखळी एका पॅकेजात तयार होती. मराठीचे पॅकेज मात्र तेही सोबत आणत नाही. भाषा म्हणून ‘मार+ईएनजी’ सांगितले आणि टेसरॅक्ट-ओसीआर-मार बसवलेले नसले, तर ते ‘या भाषेची माहिती नाही’ असे सांगून थांबते. आमच्या अहवालांत देणग्यांचे आकडे आणि मध्येच इंग्रजी नावे असल्यामुळे दोन्ही भाषा सांगाव्या लागल्या. मराठीच्या पॅकेजाशेजारी टेसरॅक्ट-ओसीआर-स्क्रिप्ट-देवा असेही एक आहे. ते भाषेऐवजी लिपीवर शिकवलेले असल्यामुळे, एखाद्या ग्रंथात मराठीबरोबर संस्कृत श्लोक आणि हिंदी उतारे येत असतील तेथे ते वापरून पाहावे. आमच्या अहवालांना निव्वळ मराठीचे पॅकेज अधिक मानवले.

आता एक कबुली. या सर्व शिस्तीच्या गोष्टी मी पूर्वी न पाळल्यामुळे शिकले आहे. दोन वर्षांपूर्वी घरच्या संगणकावर टेसरॅक्टची आणखी नवी आवृत्ती हवी म्हणून मी एका अनोळखी संकेतस्थळावरून डेब फाइल, म्हणजे सुटे पॅकेज, उतरवली. ‘लिनक्ससाठी’ एवढेच तेथे लिहिलेले होते. ती उबुंटूच्या नव्या आवृत्तीवर बांधलेली होती आणि तिला लिबसी6 किमान 2.38 हवे होते. डेबियन 12 मध्ये ते 2.36 आहे. लिबसी6 हा प्रणालीचा पाया असतो, त्यावर जवळजवळ प्रत्येक प्रोग्राम उभा असतो, हे न समजून मी तोही बाहेरून आणून घालण्याचा प्रयत्न केला. त्यानंतर ॲप्टला काहीही सांगितले तरी तुटलेल्या पॅकेजांची तक्रार तेवढी येऊ लागली आणि शेवटी मी संगणक नव्याने बसवला. ज्या आवृत्तीसाठी हे सारे केले तिच्यात मला लागणारे नवे काहीच नव्हते. डेबियन 12 मधील 5.3.0 ही आवृत्ती आमच्या कामाला आजही पुरते. आता नवेपणाचा मोह झाला की आधी ‘ॲप्ट-कॅश पॉलिसी’ला पॅकेजचे नाव देऊन कोणती आवृत्ती कोठून मिळते ते पाहते, आणि खरोखरच गरज असेल तर डेबियनच्याच बॅकपोर्ट्स विभागात, म्हणजे स्थिर प्रणालीसाठी बांधून दिलेल्या नव्या आवृत्त्यांत, डोकावते.

अधिकृत भांडारही निर्दोष असते असे नाही. मार्च 2024 मध्ये एक्सझेड या फायली दाबून लहान करणाऱ्या प्रोग्रामच्या 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांत लपवलेली चोरवाट उघडकीस आली. ती डेबियनच्या चाचणीच्या आवृत्त्यांपर्यंत पोहोचली होती, स्थिर आवृत्तीत आली नव्हती. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरस्थ प्रवेशाला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त का लागतो याची शंका आली, म्हणून ती सापडली. वाचनालयाच्या संगणकावर स्थिर आवृत्तीच ठेवण्याच्या माझ्या हट्टाला तेव्हापासून कोणी जुनाट म्हणत नाही.

हे सारे जमल्यावर ग्रंथपालकाकांनी स्वतःच्या लॅपटॉपवरही डेबियन घालायचे ठरवले आणि संध्याकाळी फोन केला. “ताई, तिथे एएमडी64 लिहिलंय आणि माझ्या लॅपटॉपवर इंटेलचं स्टिकर आहे. मग मी आय386 घेऊ ना?” हा प्रश्न मला आजवर अनेकांनी विचारला आहे आणि त्यात विचारणाऱ्याची काहीच चूक नसते. आजच्या घरगुती संगणकांची 64 बिटांची रचना एएमडी या इंटेलच्या प्रतिस्पर्धी कंपनीने तयार केली, तिचा पहिला प्रोसेसर 2003 मध्ये आला आणि इंटेलनेही पुढे तीच स्वीकारली. नाव मात्र जनकाचे राहिले. म्हणून स्टिकर इंटेलचे असले तरी पॅकेज एएमडी64चेच घ्यायचे. आय386 हे जुन्या 32 बिटांच्या यंत्रांसाठी आहे, आणि डेबियन 13 पासून तर त्यासाठी स्वतंत्र इन्स्टॉलरही दिला जात नाही. रास्पबेरी पाय किंवा नव्या मॅकवर प्रश्न असेल तर एआरएम64. काकांना एवढे सांगून मी थांबले, आणि त्यांनी आधी उतरवलेली आय386ची फाइल टाकून दिली.

अहवालांचे काम आता बहुतेक झाले आहे. टेसरॅक्ट जुन्या छपाईत जोडाक्षरांवर अडखळतो आणि देणगीदारांच्या आडनावांची कधी कधी गंमत करतो, पण शोधले तर वर्ष सापडते. राहिल्या त्या जमाखर्चाच्या दोन वह्या, ज्या वाचनालयाच्या पहिल्या चिटणीसांनी मोडीत लिहिल्या आहेत. ‘ॲप्ट सर्च मोडी’ करून पाहिले. मोडीची रोमन अक्षरे एम, ओ, डी, आय, आणि हीच चार अक्षरे इंग्रजीत ‘बदल करणे’ या अर्थाच्या ‘मॉडिफाय’ आणि त्यापासून झालेल्या शब्दांच्या सुरुवातीला असल्यामुळे, पडद्यावर हजारो असंबद्ध पॅकेजे धावू लागली. शब्दाच्या दोन्ही बाजूंना शब्दसीमेचे चिन्ह लावून पुन्हा शोधले, तेव्हा यादी आटोपशीर झाली आणि त्यात मोडी वाचणारे काहीच नव्हते. टेसरॅक्टच्या भाषांतही मोडी नाही. मोडी लिपी युनिकोडमध्ये 2014 साली आली, त्यामुळे तिचा फॉन्ट तरी असेल म्हणून ॲप्ट-फाइलला विचारले, तर नोटो या फॉन्टसंचातील मोडी फॉन्ट फॉन्ट्स-नोटो-कोअर या पॅकेजात सापडला. तो बसवला आहे. वह्यांचे लिप्यंतर करून देण्यासाठी शेजारच्या गावातील एका निवृत्त शिक्षकांना विचारले आहे, आणि ते पावसाळा संपल्यावर येणार आहेत.